टाचेखालची जागा

"सगळीकडे चिकटव," क्लेटन म्हणाला. "बोटभरसुद्धा जागा उघडी ठेवू नकोस."

मेहुण्याच्या गॅरेजमध्ये त्याने चार गुंडाळ्या आणून टाकल्या होत्या. वरून चंदेरी, खालून काळ्या आणि चिकट. गाडीच्या पत्र्याला लावल्या की त्याचा खडखडाट बंद. शिवाय इंजिनाची धग अडवायला जाड नमद्याची एक घडी. सगळं भेट म्हणून. चाळीस वर्षांच्या नात्यात क्लेटनने वेंडलला दिलेली ही दुसरी वस्तू. पहिली होती शिडी, आणि ती त्याने त्याच आठवड्यात परत नेली होती.

वेंडल खुशीत होता. गाडी सदुसष्ट सालची, दोन दारांची. अजून सीटा नव्हत्या, गालिचा नव्हता, नुसता काळा रंग मारलेला तळ. हा तळ क्लेटननेच नवा केला होता, हिवाळाभर गाडी आपल्या शेडमध्ये ठेवून, मजुरी न घेता. "गंजलेला सगळा पत्रा कापून टाकला, नुसती लांबी भरून झाकला नाही," असं त्याने ईस्टरच्या जेवणात सांगितलं होतं. मग शेवटी गोड खाताना पुन्हा एकदा सांगितलं होतं. ते दुसऱ्यांदा सांगणं त्याच्या बहिणीने, म्हणजे वेंडलच्या बायकोने, डार्लीनने, नीट ध्यानात ठेवलं होतं.

आता ती हातात खडू घेऊन त्या तळावर गुडघे टेकून बसली होती. पुढच्या शनिवारी गाडी तीच चालवणार होती, डोंगरातून थेट नॉक्सव्हिलला, लेकीकडे. वेंडलचा उजवा गुडघा नुकताच बदललेला. ब्रेक दाबायला त्या पायावर अजून त्याचाच भरवसा नव्हता.

"जिथे वाजतं तिथेच लावायचं," ती म्हणाली. "उगाच गाडी जड कशाला करायची?"

"अगं, फुकटचं आहे," वेंडल म्हणाला.

"म्हणूनच."

ती बोटाच्या पेराने पत्रा ठोकत मागून पुढे सरकू लागली. टण. खडूचा गोल. टण. आणखी एक गोल. मधल्या उंचवट्यावर, मागच्या सीटच्या जागी, दाराच्या कडेने, टण, टण. मग ती ड्रायव्हरच्या पायांपाशी आली.

ठप.

तिने पुन्हा ठोकलं. ठप. चार बोटं डावीकडे टण. चार बोटं उजवीकडे टण. मध्ये, ब्रेक दाबताना टाच टेकते नेमकं तिथे, बशीएवढ्या जागेत ठप.

"चला, तिथे लागतच नाही," वेंडल म्हणाला. "ती जागा आधीच गप्प आहे. तेवढीच एक पट्टी वाचली."

"छे छे, तिथे तर आधी लाव," क्लेटन घाईने म्हणाला. "धग तिथेच येते. दोन थर लाव. थांब, मीच लावतो." त्याने एका पट्टीचा कागद सोलायला घेतलासुद्धा.

डार्लीनने त्या जागेवरचा हात काढला नाही. नदीकाठच्या चिनीमातीच्या कारखान्यात तिची एकोणतीस वर्षं गेली होती. ताटली तीन बोटांवर तोलायची, लाकडी काडीने वाजवायची. वाजली तर खोक्यात, नाही वाजली तर आत तडा आहे, फुटक्यांच्या पिंपात. ऐन उमेदीत क्लेटननेही दोन उन्हाळे तिच्याच शेजारी उभं राहून ती खोकी भरली होती.

"इथला पत्रा नवा आहे ना?" तिने विचारलं.

"नवाच आहे."

"मग बोलत का नाही?"

"डार्लीन, पत्रा आहे तो. ताटली नाही."

"अगं, त्याने अख्खा हिवाळा घातलाय ह्यात," वेंडल म्हणाला. "आणि तू शेरीफसारखी काय उलटतपासणी घेतेस?" तो हसला. बाकी कुणी हसलं नाही.

"वेंडल, तो स्क्रूड्रायव्हर दे इकडे."

"टोचू नकोस!" क्लेटन ओरडलाच. मग आवाज खाली आणत म्हणाला, "तीन हात मारलेत मी रंगाचे. खराब होईल."

सोललेली पट्टी त्याच्याच बाहीला चिकटली होती. ती सोडवण्यात तो बराच वेळ गुंतून राहिला. तेवढं काही ते अवघड नव्हतं.

डार्लीनने स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला. गुडघे झटकत ती बाहेर आली. कोपऱ्यातली बादली उचलून तिने गाडीत ड्रायव्हरच्या सीटच्या जागी उपडी ठेवली.

"बरं, नाही टोचत. ये, बस इथे."

"कशाला?"

"ब्रेक दाब. उतारावर आहेस, समोर ट्रक आडवा आलाय असं समज. मी दाबीन ना, तसा दाब. सगळं अंग घालून."

"तू पण ना, लहानपणापासून अशीच," क्लेटन म्हणाला आणि आधारासाठी वेंडलकडे पाहिलं. वेंडल त्याच्याकडे बघतच नव्हता. तो खडूच्या गोलांमधली ती एक कोरी जागा बघत होता.

क्लेटन बादलीवर बसला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, उजवा पाय ब्रेकवर ठेवला आणि दाबला.

"टाच टेकव," डार्लीन म्हणाली.

त्याने ब्रेक आणखी जोरात दाबला. त्याची पोटरी थरथरू लागली. टाच तळापासून बोटभर वर होती, आणि तिथेच राहिली.