मेहकरपर्यंतची सीट

शेखर आणि भागवत, दोघांनाही उद्या पहाटे बुलढाण्यात पोलीस भरतीसाठी धावायचं होतं. खाजगी गाडी परवडणारी नव्हती, म्हणून गावापासून लोणारपर्यंत ते गच्च भरलेल्या एसटीत उभ्यानंच आले. लोणारला एसटी बदलताना भागवतनं खिडकीतून दस्ती टाकून एकच सीट धरली. मेहकरपर्यंत शेखरनं बसायचं, पुढं भागवतनं, असं ठरलं. फाट्याफाट्यावर थांबत गाडी मेहकरला पोचली. “शेखर, मेहकर आलं बे.” शेखरनं ऐकलं. पोटऱ्या अजून ठणकत होत्या. त्यानं डोळे मिटलेलेच ठेवले. शेजारची म्हातारी म्हणाली, “हलव ना त्याले. आता तुई पाळी हाये.” “झोपू दे माय. उद्या धावाचं हाये त्याले.” शेखरच्या तोंडावर ऊन येत होतं. भागवतनं घामेजलेली दस्ती झटकून खिडकीच्या गजाला बांधली. डोळ्यांवर सावली आली. बुलढाणा अजून दोन तासांवर होतं. आता डोळे उघडायची सोयच उरली नव्हती.