मागच्या फळीचा नारळ

हातात नारळ घेऊन यमुनाबाई पुन्हा होडीच्या मागच्या बाजूला आली. इंजिन टांगायची फळी नवऱ्याने अख्खा पावसाळा खपून नव्याने बांधली होती; प्लायवूडवर प्लायवूड चिकटवून वरून फायबर चढवलं होतं. तिने बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं. वरती खणखणीत वाजलं. खालच्या कोपऱ्यात मात्र ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा भद्द आवाज आला.

"अहो, लाकूड पुरतं वाळलं होतं ना?"

"निघताना अपशकुन करू नकोस," मोतीराम होडीतून खेकसला. "सगळ्या होड्या गेल्या. नाळेवर नारळ फोड आणि आम्हाला वाटेला लाव."

गेल्या वर्षी खाडीच्या तोंडाशी जुनी फळी उखडली आणि इंजिनासकट बुडाली. वल्ही मारत तो कसाबसा परतला होता. यंदाचं इंजिन त्याहून जड होतं, आणि होडीत लेकही बसला होता.

नारळ फोडायचा तो होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर. ती मात्र जागची हलली नाही. दोन्ही हातांनी नारळ उचलून तिने त्या कोपऱ्यावर दाणकन आपटला.

"अगं, वेड लागलं का तुला?" मोतीराम ओरडतच खाली उतरला आणि तिथेच थबकला.

नारळ शाबूत होता. फायबरला तडा गेला होता, आणि त्यातून आंबूस वासाचं तांबूस पाणी ओघळत होतं.

मोतीरामने तड्याला बोट लावून पाहिलं. मग वाळूतला नारळ पुसून त्याने तिच्या हातात परत दिला आणि लेकाला हाक मारली, "इंजिन उतरव रे."