पॉलिश केलेली फरशी

एकसष्ट सालच्या नाताळच्या सकाळी महिला मंडळाच्या बायका गरम पेज घेऊन बंगळूर कंटोन्मेंटातल्या चर्चपाशी आल्या, तेव्हा फाटकासमोरच्या फुटपाथवर झोपणारा म्हातारा बसवंत थंडीने मेलेला होता. फुटपाथवरच्या लोकांना बायकांनी वाटलेली कांबळी रात्रीच्या पावसात चिंब झाली होती. “ह्या लोकांना चर्चच्या हॉलमध्ये झोपू द्या,” असं त्यांच्यातल्या एस्तेरबाईने काल चर्चच्या चिटणिसांना विनवलं होतं. “फरशीला नुकतंच पॉलिश केलंय,” म्हणत त्यांनी कुलूप लावलं होतं. आता तेच धावत आले. “लोक उपासनेला येतील. प्रेत मागच्या अंगणात न्या!” एस्तेरबाईने त्यांच्या हातातली किल्ली हिसकावून हॉलचं दार सताड उघडलं. “गंगव्वा, आणूया त्याला आत. बघते कोण अडवतंय!” बसवंतची बायको गंगव्वा त्याच्या उशाशी बसली होती, ती हलली नाही. “आता कशाला, अक्का? थंडी त्याला काल वाजत होती.” एस्तेरबाई तिच्याशेजारी बसली. उपासनेला येणाऱ्या प्रत्येकाला बसवंतसमोरूनच जावं लागलं.