परकरवाली डॅफोडिल्स

छोटे घ्यायचे की मोठे, एवढंच आसावरीला ठरवायचं होतं.

ऑक्टोबरमधल्या शनिवारची सकाळ. वेस्ट विंडसरच्या त्या नर्सरीत गर्दी होती, पण ती भोपळे घ्यायला आलेल्यांची. डॅफोडिलच्या कंदांपाशी ती एकटीच उभी होती. पुढच्या खोक्यांत कांद्याएवढे कंद. त्यांच्या फोटोत पिवळीधमक, रस्त्यावरून दिसतील अशी फुलं. मागच्या खोक्यांत बुटक्या आणि रानटी जाती. त्यांचे कंद लसणाच्या पाकळीएवढे. एका रानटी जातीच्या फुलाला पाकळ्या अगदी नावापुरत्या होत्या. बाकी सगळा घेरच, लहान मुलीच्या परकरासारखा. उंची जेमतेम वीतभर. खाली लिहिलं होतं, ‘पहिल्या वर्षी थोडीच येतील. त्यांना त्यांच्या जागी राहू द्या, हळूहळू आपली आपण पसरतील.’

तिने नवऱ्याला, परीक्षितला, व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पुण्यात रात्र होती, तो जेवायला बसला होता.

“अरे, हे बघ ना,” तिने फोन खोक्यावर धरला. “जंगली आहेत. घरामागच्या उतारावर लावले तर–”

“मागे कशाला? पुढे लाव. आणि मोठे घे यार, पिवळे. घर विकायचं तर एजंट काय म्हणाली, विसरलीस? एप्रिलमध्ये लोक घर बघायला येतील, तेव्हा पुढचं अंगण भरलेलं दिसलं पाहिजे.”

“ते झालंच. पण तुला यातलं कुठलं आवडतंय?”

“मला?” त्याने घास घेतला. “मी थोडाच बघायला येणार आहे.”

तो रागाने बोलला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसा बोलून गेला होता. तो नोकरी सोडून पुण्याला गेल्यापासून दोघंही जे बोलायचं टाळत होते, ते असं जेवता जेवता आलं. त्याच्याही ते लक्षात आलं असावं.

“म्हणजे... आत्ता जमणार नाही ना गं,” तो म्हणाला.

“हो. जेव तू.”

तिने फोन पर्समध्ये टाकला आणि कागदी पिशवीत परकरवाल्या फुलांचे कंद भरायला लागली. मूठ मूठ भरून घेतले. मोजले नाहीत.

“अगं, आसावरी!” मंडळातल्या नीलाकाकू भोपळ्याची ट्रॉली ढकलत आल्या. “परीक्षित कधी येतोय? गणपतीलाही दिसला नाही.”

या प्रश्नाचं तिचं उत्तर ठरलेलं होतं. पुढच्या महिन्यात. गेले कित्येक महिने ती हेच सांगत आली होती.

“नाही येणार, काकू,” ती म्हणाली. “तो तिकडेच राहणार आहे.”

काकूंची ट्रॉली थांबली. “आणि तू?”

“मी इथे.”

काकू काहीतरी विचारणार होत्या. पण त्यांनी तिचा चेहरा बघितला आणि फक्त तिच्या दंडावर हात ठेवला. तो हात कोटावरूनही गरम लागला. मागून कुणीतरी ‘एक्सक्यूज मी’ म्हणालं, तशा काकू ट्रॉली घेऊन पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या उतारावर गुडघे टेकून खड्डे करत होती, तेव्हा परीक्षितचा फोन आला. मातीच्या हातानेच तिने तो घेतला.

“घर मी विकत नाहीये,” ती म्हणाली.

“एवढ्या घरात एकटी राहणार?”

“आत्ता कुणाबरोबर राहते?”

तो भांडेल, असं तिला वाटलं होतं. व्हिसाचं काढेल, मेंटेनन्सचं काढेल, आजारी पडलीस तर काय म्हणेल. प्रत्येकाला काय सांगायचं, ते तिने रात्रभर जुळवून ठेवलं होतं.

“ठीक आहे,” तो म्हणाला.

तिने फोन बाजूला गवतावर ठेवला. मग उरलेले कंद तिने मातीत लावून टाकले.

हिवाळ्यात त्याचे फोन कमी कमी होत गेले. ती घरूनच काम करायची. कधी कधी मीटिंगमध्ये बोलायला तोंड उघडलं, की सकाळपासूनचा तो आपला पहिलाच शब्द आहे, हे घोगऱ्या आवाजावरून तिला कळायचं. बर्फ दोनदा पडला. शेजारच्या रिकाम्या घरात कुणीतरी राहायला आलं. सामानाचा ट्रक येऊन गेलेला तिने खिडकीतून बघितला.

एप्रिलमध्ये एका सकाळी कॉफी घेऊन ती मागे गेली, तर उतारावर पिवळं काहीतरी होतं. फुलं फार नव्हतीच, इथे एक, तिथे दोन. उभ्याने नीट दिसेनात. ती वाकली, मग बसली, आणि शेवटी सरळ पालथी झोपली. गवत ओलं होतं. स्वेटर पोटाशी भिजला. फूल आता तिच्या डोळ्यांसमोर होतं, वाऱ्यावर त्याचा घेर हलत होता.

“ओ! ओ बाई!”

कुंपणापलीकडून कुणीतरी इंग्रजीत ओरडलं. मग पळत येणारी पावलं. शेजारची बाई होती. पांढरे केस विस्कटलेले, पायांत घरातल्या सपाता, हातात फोन.

“पडलात का? लागलं का कुठे?”

“नाही, नाही. ठीक आहे मी.”

बाईंना ते पटलं नाही. धापा टाकत त्या तिच्याजवळ गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी फोन समोर धरला.

“कुणाला फोन करू? तुमचं कुणीतरी असेल ना, सांगा मला. कुणाला करू?”

इथलं कुणाचं नाव सांगावं, ते आसावरीने खरंच आठवून बघितलं.

“तुमचं नाव काय?” तिने विचारलं.