पावलाची माती

पाचव्या दिवशीही शिलाचा ज्वर उतरला नव्हता आणि पोलीस भरतीची धाव परवावर येऊन ठेपली होती. सराव आटोपून सुनिता शिलाच्या अंगणात आली, तेव्हा शिलाची आई भिकाबाई तिच्या मागोमाग वाकून जमीन चाचपू लागली.

"काय सांडलं, काकी?" सुनिताही शोधण्यास वाकली.

"सर तिकडं. पाय नको फिरवू."

भिकाबाईने सुनिताच्याच बुटाच्या ठशातील माती चिमटीने उचलली. दुसऱ्या मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या होत्या. सुनिता समजली. ज्याची दृष्ट लागल्याचा संशय, त्याच्याच पावलाची माती घ्यावयाची असते.

"काकी, माझा भाऊ गाडी घेऊन उभा हाय. शिलाचं रक्त तपासून आणू. सलाईन लावली तर परवा उभी तरी राहील."

"रक्तात काय हाय? हरणावानी पळत व्हती पोरगी. कुणाला तरी सहन झालं न्हाई."

"कुणाला, काकी?"

बाहेरून सुनिताचा भाऊ फुलसिंग ओरडला, "येऊन राहिल्या का न्हाई? का नवरीवानी नटून राहिल्या?"

सुनिताने बूट काढले. मोजेही काढले. सड्याने ओलसर झालेल्या भुईवर तिने उजवे पाऊल दाबून उमटविले.

"ती बुटाची माती हाय. ही घ्या."

भिकाबाई क्षणभर घुटमळली; पण तिने ती घेतलीच.

आत शिला गोधडीत पडून होती. "आज लई पळालीस?" तिने विचारले.

"तुझ्यावानी कुठं पळता येतं मला? ऊठ, दवाखान्यात जाऊ."

"आता तुलाच मैदान मोकळं, सुनिता."

भिकाबाईने मूठ लेकीवरून उतरविली आणि चुलीतील निखाऱ्यांवर टाकली. मिरच्या जळताना घरात ठसका उठला, तर दृष्ट नव्हती. न उठला, तर होती. तांड्याचा हा न्याय सर्वांना ठाऊक होता. तिखट धूर छपराला भिडला. सुनिता खोकून खोकून कासावीस झाली. परंतु आरोपीचा खोकला ग्राह्य कोण धरणार?

भिकाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. ओठ मात्र तिने घट्ट मिटले होते. महत्प्रयासाने आवंढा गिळून ती म्हणाली, "ठसका न्हाई. दृष्टच व्हती. आता कशाला दवाखाना?"

"शिला," सुनिता कळवळून म्हणाली, "तू तरी खरं सांग."

शिलाने गोधडीचा कोपरा तोंडात कोंबला होता. तिची छाती पुन्हा पुन्हा उसळत होती, चेहरा लालबुंद झाला होता. आणि सुनिताकडे पाठ फिरवून ती आपला खोकला दाताखाली दाबून धरीत होती.