चार हजार शहाण्णव

"डिस्क बदलून झाली असेल तर जाताना दार ओढून घ्या," सल्लागार म्हणाला आणि पुन्हा पडद्यावरच्या आलेखाकडे वळला.

तिनं दार ओढलं नाही. नुकतीच काढलेली डिस्क तिच्या हातात अजून कोमट होती.

ॲम्ब्युलन्स सेवेच्या या संगणक खोलीत ती चौदा वर्षं होती. लाल दिवा लागला की मेलेली डिस्क काढायची, नवी सरकवायची, वहीत नोंद करायची. सगळे तिला डिस्कबाई म्हणत. वाईट बुद्धीनं कोणी म्हणत नसे, पण सल्ला विचारायलाही तिच्याकडे कोणी फिरकत नसे.

तीन आठवड्यांपूर्वी सगळ्या डिस्क एकदम बदलल्या आणि तेव्हापासून खाली फोन घेणाऱ्या मुली मेटाकुटीला आल्या होत्या. त्या पत्ता टाइप करत आणि पडदा सहा-सहा सेकंद ढिम्म. पत्ता नोंदला जात नाही तोवर तो गाडीपर्यंत पोचत नाही. अशीच एक गाडी तिचा नवरा चालवत होता. गेल्या गुरुवारी सायरन चालू ठेवून तो चौकात उभा राहिला होता, डावीकडे वळायचं की उजवीकडे ते न कळून. घरी आल्यावर त्याला जेवण गेलं नाही. "म्हातारी वाचली," एवढंच तो म्हणाला, "पण आपल्यामुळे नाही."

बाहेरून बोलावलेल्या सल्लागाराचा निकाल तयार होता. एकाच यंत्राच्या पोटात चार आभासी सर्व्हर बसवलेत, त्याला भार झेपत नाही, नवं यंत्र मागवा. यायला तीन महिने. सेवेच्या प्रमुख बाईंनी मागणीपत्र पुढ्यात ओढलं होतं. पेनचं टोपण काढलेलं होतं.

"मॅडम, यंत्राला भार झालेला नाही," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "डिस्कला नको ते काम पडतंय."

तिनं हातातली, तीन आठवड्यांतच मेलेली डिस्क टेबलावर ठेवली. शेजारी कपाटातली एक जुनी ठेवली. दोन्हींवरच्या लेबलांच्या बारीक अक्षरांवर बोट टेकवलं.

"ही जुनी. हिचा माहिती ठेवायचा एक खण पाचशे बारा बाइटचा. ही नवी. हिचा खण चार हजार शहाण्णवचा, आठपट मोठा. आपला डेटाबेस अजून लहान खणाच्याच हिशोबानं लिहितोय. मग एवढीशी नोंद ठेवायलाही ही डिस्क अख्खा मोठा खण वाचते, त्यात चिमूटभर बदल करते आणि अख्खा परत लिहिते. दर फोनला. चारही सर्व्हर तिच्याकडून हेच करून घेतायत."

"नव्या डिस्क लहान खणांचं सोंग घेतात, बाई," सल्लागार म्हणाला. "चालतं ते."

"चालतं. पण सोंग वठवायला वेळ लागतो."

प्रमुख बाईंनी मान वर केली. "हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"बाजूला पडलेल्या सुट्या यंत्रावर करून बघितलंय. तीन दिवस, जेवणाच्या सुट्टीत."

"दाखवा."

तिघं पलीकडच्या खोलीत गेले. आधी तिनं जुन्या मांडणीवर एक खोटा पत्ता टाकला. प्रमुख बाईंनी मनातल्या मनात सेकंद मोजले; ओठ हलताना दिसत होते. मग तोच पत्ता तिनं दुसऱ्या मांडणीवर टाकला, जिथे डेटाबेसचा खण तिनं चार हजार शहाण्णवचा करून डिस्कच्या खणाशी नीट जुळवून घेतला होता. बाईंचे ओठ हलायच्या आतच नोंद झाली.

सल्लागारानं कीबोर्ड स्वतःकडे ओढला. एकदा केलं. परत केलं. चारही सर्व्हरचा भार एकदम टाकून पाहिला. मग तो उठला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बसा," तो म्हणाला. "आणि पहिल्यापासून सांगा. मी लिहून घेतो."

प्रमुख बाईंनी पेनला टोपण लावलं.

रविवारी खालचे फोन राखीव केंद्राकडे वळवले आणि एकेक सर्व्हर नव्यानं मांडला. कीबोर्डवर ती होती. सल्लागार शेजारी बसून पायऱ्या वाचून दाखवत होता. एकदा त्याची एक पायरी चुकली, ती तिनं धरली, आणि तो निमूटपणे "बरोबर" म्हणाला. संध्याकाळी प्रमुख बाई म्हणाल्या, "उद्याच तुमच्या नावानिशी सूचना लावते." ती म्हणाली, "एक दिवस थांबा, मॅडम. आधी रस्त्यावरून कळू दे." घरी ती काही बोलली नाही.

सोमवारी नवरा कामावरून आला तो थेट स्वयंपाकघरात. खुर्चीत बसला आणि बोलतच सुटला.

"अगं, आज काय झालंय काय. मी पट्टा लावेपर्यंत पत्ता समोर हजर. नऊ फेऱ्या केल्या, एकदाही थांबलो नाही. एका पोराला दम्याचा झटका होता. दारात पोचलो तर त्याची आई म्हणते, आत्ता तर फोन ठेवला."

"हो का," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे चहा ठेवला. स्वतःचा कप घेऊन समोर बसली. एरवी ती उभ्यानंच प्यायची. आज तिला घाई नव्हती.

"बाहेरून कोणी बडा इंजिनियर आणला होता म्हणे. काय डोकं असेल गं त्याचं. आम्ही ड्रायव्हर लोक आज त्याच्या नावानं चहा प्यायलो, नाव माहीत नसताना." त्यानं एक घोट घेतला. "त्याच्या बायकोचे तर आज पाय जमिनीवर नसतील."

तिनं कप खाली ठेवला.

"बायको नाही, नवरा आहे," ती म्हणाली. "बूट न काढता माझ्यासमोर बसलाय."