तक्रारीची वेळ

कला माणसाला एकटं राहू देत नाही, यावर निवृत्त मुद्रितशोधकाचा ठाम विश्वास होता. म्हणून त्याने गिटार आणली, आणि पहिल्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बाई तणतणत वर आल्या.

“अहो, गिटार वाजवताय की मांजराची शेपटी पिरगाळताय?”

“शिकतोय हो. चहा टाकू?”

“चहा कसला! डोकं उठलंय माझं.” मग दारातच उभ्या राहून त्या अर्धा तास स्वतःचं डोकं, गुडघे आणि जावई यांच्याविषयी बोलल्या. पुढे हे रोजचंच झालं. एरवी त्याचं दार कुणी वाजवत नसे.

तीन महिन्यांनी हात बसला आणि एका संध्याकाळी अख्खी धून न अडखळता निघाली. त्या दिवशी बाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम एक तार सैल केली, तिसऱ्या दिवशी सगळ्या. आठवडाभर कहर करूनही कुणी येईना, तेव्हा तो खाली गेला. दाराला कुलूप होतं.

“बाई लेकीकडे गेल्या, कायमच्या,” रखवालदार म्हणाला. “जायच्या आदल्या संध्याकाळी तुमचा निरोप घ्यायला वर आल्या होत्या की!”

“मग?”

 

“तुम्ही चांगलं वाजवत होतात म्हणे. म्हणून त्यांनी दार वाजवलं नाही.”